वर्डप्रेसच्या कॅटेगरीला स्वतःची फील्ड जोडताना: कुठे काय लिहायचं आणि कुठे अडतं

वर्डप्रेसमध्ये नवी कॅटेगरी करायला घेतली की चारच रकाने मिळतात: नाव, स्लग (वेबपत्त्यात येणारं नाव), पॅरेंट आणि डिस्क्रिप्शन. साध्या ब्लॉगला एवढं पुरतं. पण कोल्हापुरी मालाची माहिती देणारी साइट धरा. तिच्यात चप्पल, गूळ, साज, आजरा घनसाळ, कांदा-लसूण मसाला अशा कॅटेगरी आहेत. प्रत्येक कॅटेगरीच्या पानावर वर आडवा फोटो हवा, खाली एका ओळीचा परिचय हवा. मालाला भौगोलिक मानांकन असेल तर तसा शिक्का आणि मानांकनाचं वर्ष दिसलं पाहिजे. शिवाय मेन्यूत कोण आधी, कोण नंतर हे ठरवायला क्रम हवा, कारण गुऱ्हाळं सुरू झाली की गूळ वर न्यायचा असतो आणि नवरात्रात अंबाबाईला बाहेरगावची गर्दी आली की चप्पल आणि साज.

हे सगळं डिस्क्रिप्शनमध्ये कोंबू नका. सेव्ह करताना वर्डप्रेस त्या रकान्यातले बरेच एचटीएमएल टॅग गाळून टाकतं आणि फोटोचा टॅग त्यात जातोच. राहिलेल्या मजकुरातून नुसतं वर्ष वेगळं काढता येत नाही, क्रमाप्रमाणे कॅटेगरी लावता येत नाहीत. पाच गोष्टी असतील तर पाच फील्ड करायची.

यासाठी लागणारी सोय वर्डप्रेसमध्ये ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१५ पासून आहे. कॅटेगरी, टॅग यांची जादा माहिती ठेवायला 'टर्ममेटा' नावाचं वेगळं टेबल तेव्हा आलं. त्याआधीचे धडे ही माहिती ऑप्शन्स टेबलमध्ये ठेवायला शिकवतात. असा धडा सापडला तर सोडून द्या. कॅटेगरी उडवली तरी त्या पद्धतीत माहिती मागे पडून राहते. टर्ममेटामधली माहिती कॅटेगरीबरोबर आपोआप जाते.

आधी कागदावर ठरवा

प्रत्येक फील्डची तीन गोष्टींची नोंद करा: माणसाला दिसणारं लेबल, आतली की (कोडमध्ये फील्ड ओळखायचं नाव), आणि माहितीचा प्रकार. लेबल खुशाल मराठीत ठेवा. की मात्र रोमन लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन. देवनागरी की दिली तर की साफ करणारं वर्डप्रेसचं फंक्शन ती अक्षरं काढूनच टाकतं आणि हाती रिकामी की येते. प्रत्येक कीच्या सुरुवातीला साइटचं छोटं नाव लावा, उदाहरणार्थ 'कोमाल_फोटो', 'कोमाल_क्रम'. नुसतं 'फोटो' किंवा 'ऑर्डर' ठेवलं तर उद्या एखादं प्लगिन तीच की वापरेल आणि एकमेकांची माहिती पुसली जाईल. या लेखात कीची आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची.

स्लगचंही याच वेळी ठरवून टाका. मराठी नावावरून आपोआप तयार होणारा स्लग एन्कोड होतो आणि त्याची मर्यादा २०० कॅरॅक्टर आहे. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह एन्कोड झाल्यावर ९ कॅरॅक्टर खातं. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात. 'आजरा घनसाळ तांदूळ आणि पोहे' या नावात बरोबर २२ चिन्हं आणि चार मोकळ्या जागा आहेत. बेरीज २०२ होते, शेवटची मात्रा कापली जाते आणि स्लगमध्ये 'पोहे'चं 'पोह' उरतं. कॅटेगरीचे स्लग रोमनमध्ये, आखूड, हाताने लिहावेत.

प्लगिनने करायचं असेल तर

कोड लिहायची सवय नसेल तर ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगिन घ्या. आपल्या पाचही फील्डना त्याची मोफत आवृत्ती पुरते. २०२४ मध्ये त्याचीच वेगळी शाखा सिक्युअर कस्टम फील्ड्स या नावाने आली. दोन्हींपैकी एकच चालू ठेवा.

नवा फील्ड ग्रुप करा, त्यात पाच फील्ड भरा आणि मग लोकेशन रूल्सकडे या. बहुतेकांचं इथेच चुकतं. यादीत 'पोस्ट कॅटेगरी' असा एक पर्याय आहे. नाव वाचून तोच हवा असं वाटतं, पण त्याचा अर्थ 'या कॅटेगरीतल्या पोस्टवर फील्ड दाखव' असा आहे. आपल्याला कॅटेगरीच्याच फॉर्मवर फील्ड हवी आहेत. म्हणून 'टॅक्सॉनॉमी' (कॅटेगरी, टॅग असा वर्गीकरणाचा प्रकार) हा पर्याय निवडा आणि समोर 'कॅटेगरी' ठेवा. मग पोस्ट्समधल्या कॅटेगरीज पानावर जाऊन फील्ड दिसतात का बघा.

फोटोच्या फील्डला रिटर्न फॉरमॅट आयडी ठेवा. पुढे फोटो लहान-मोठ्या आकारात मागवताना तेच उपयोगी पडतं.

दुसरी अडचण पानावर दाखवताना येते. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या थीमच्या फाइलमध्ये, 'गेट_फील्ड'ला नुसतं फील्डचं नाव दिलं की ते बहुतेक वेळा यादीतल्या पहिल्या पोस्टकडे माहिती शोधतं आणि रिकाम्या हाताने परत येतं. त्याला दुसरं आर्ग्युमेंट द्या: कॅटेगरीच्या पानावर 'गेट_क्वेरीड_ऑब्जेक्ट'मधून मिळालेला टर्म (म्हणजे ती कॅटेगरी), आणि इतर ठिकाणी 'टर्म_' याला जोडून कॅटेगरीचा आकडा. 'ॲडमिनमध्ये माहिती भरली आहे, पण साइटवर दिसत नाही' अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हे तपासा.

स्वतः कोड लिहायचा असेल तर

पाच फील्डसाठी प्लगिन नको असेल तर काम चार हुकांवर भागतं. हुक म्हणजे वर्डप्रेस आपलं फंक्शन चालवतं ती ठरलेली जागा. कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टाकू नका. थीम अपडेट झाली की तो पुसला जातो आणि थीम बदलली की फील्ड गायब होतात. प्लगिन फोल्डरमध्ये एकच फाइल असलेलं छोटं प्लगिन करा.

चार हुक असे: नव्या कॅटेगरीच्या फॉर्मसाठी 'कॅटेगरी_ॲड_फॉर्म_फील्ड्स', जुनी कॅटेगरी उघडल्यावर दिसणाऱ्या फॉर्मसाठी 'कॅटेगरी_एडिट_फॉर्म_फील्ड्स', नवी सेव्ह झाल्यावर 'क्रिएटेड_कॅटेगरी' आणि बदल सेव्ह झाल्यावर 'एडिटेड_कॅटेगरी'. यातला 'कॅटेगरी' हा शब्द म्हणजे टॅक्सॉनॉमीचं नाव. वूकॉमर्सच्या दुकानात त्याजागी 'प्रॉडक्ट_कॅट' येतं. तिथे कॅटेगरीला लहान फोटोची सोय आधीपासून असते, म्हणून ती पुन्हा करायला जाऊ नका.

दोन्ही फॉर्मची मांडणी वेगळी आहे. नव्या कॅटेगरीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक फील्ड एका डिव्हमध्ये असतं. एडिटच्या पानावर मात्र टेबल असतं, म्हणून तिथे टेबलची ओळ, डाव्या खान्यात लेबल आणि उजव्या खान्यात इनपुट अशीच रचना हवी. दोन्हीकडे 'फॉर्म-फील्ड' हा क्लास द्या. एकाच फंक्शनवर दोन्ही हुक लावले तर एडिटच्या पानावर फील्ड टेबलच्या बाहेर, भलत्याच जागी उमटतात. फंक्शन दोन लिहा. एडिटच्या फंक्शनला टर्म ऑब्जेक्ट मिळतो. त्याच्या आकड्यावरून जुनी किंमत, म्हणजे फील्डमध्ये आधी भरलेली माहिती, 'गेट_टर्म_मेटा'ने आणायची आणि 'इएससी_ॲटर'मधून काढून इनपुटमध्ये भरायची. दोन्ही फॉर्ममध्ये स्वतःचा एक नॉन्सही (फॉर्म खरा आहे हे ओळखायची लपवलेली खूण) छापा. वर्डप्रेसचा नॉन्स तिथे आधीच असतो, पण आपल्याला वेगळा लागणार आहे.

फील्ड फॉर्मवर दिसली की काम झालं असं वाटतं. खरी कसोटी सेव्ह करताना लागते, म्हणून सेव्हचं फंक्शन सावकाश लिहा.

'एडिटेड_कॅटेगरी' हा हुक एडिटचं पान सेव्ह केल्यावरच चालतो असं नाही. यादीतल्या क्विक एडिटने नुसतं नाव बदललं तरी तो चालतो, आणि दुसऱ्या एखाद्या प्लगिनने कॅटेगरी बदलली तरीही चालतो. क्विक एडिटच्या पट्टीत नाव आणि स्लगच असतात, आपली पाच फील्ड नसतात. फंक्शन 'आलं ते सेव्ह कर' असं लिहिलं असेल तर रिकामं आलं म्हणून रिकामं सेव्ह होतं. कुणी 'चपला'चं 'चप्पल' केलं की फोटो, परिचय, वर्ष सगळं उडतं, आणि ते उडाल्याचं चार दिवसांनी कळतं.

त्यावर सरळ उपाय सांगितला जातो: फील्ड आलं असेल तरच सेव्ह करा. मजकुराच्या फील्डला हा उपाय चालतो, चेकबॉक्सला नाही. खूण काढलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. म्हणजे 'मानांकन आहे' ही खूण एकदा लागली की फॉर्मवरून काढली तरी डेटाबेसमध्ये तशीच राहते.

आपला नॉन्स लागतो तो यासाठी. सेव्हच्या फंक्शनची पहिली ओळ: आपला नॉन्स आला आहे का? आला नसेल तर हा आपला फॉर्म नाही, तिथूनच परत फिरा. आला असेल तर तो खरा आहे का तपासा, वापरकर्त्याला ही कॅटेगरी बदलायचा अधिकार आहे का तपासा, आणि मग पुढे जा. आता फॉर्म आपलाच आहे हे पक्कं असल्याने चेकबॉक्स न येणं म्हणजे खूण काढली असाच अर्थ होतो, तिथे निर्धास्तपणे शून्य सेव्ह करा. क्विक एडिट आणि चेकबॉक्स हे दोन्ही प्रश्न या एका तपासणीने सुटतात.

बाकीच्या फील्डचं असं: परिचयाची ओळ 'सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड'मधून काढा, फोटोचा आयडी, क्रम आणि वर्ष 'ॲबसिंट'मधून (हे फंक्शन मजकुराचा पूर्णांक करतं). फोटोचा वेबपत्ता म्हणून अख्खी लिंक साठवू नका, मीडिया लायब्ररीतला आयडीच साठवा.

५० चं शून्य का होतं

मराठी साइटवर ही अडचण हमखास येते आणि इंग्रजी धड्यांत तिचा उल्लेख नसतो. क्रमाच्या फील्डमध्ये मराठी कीबोर्डवरून ५० भरलं आणि ते 'ॲबसिंट'मधून गेलं, तर डेटाबेसमध्ये शून्य जातं. पीएचपीला देवनागरी आकडा हा आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं. 'ॲबसिंट' काढून ५० तसंच मजकूर म्हणून ठेवलं तरी भागत नाही, कारण क्रमाने लावताना मायएसक्यूएलही त्याला शून्यच धरतं. पाचही कॅटेगरींचा क्रम शून्य झाला की यादी हवी तशी लागत नाही.

इनपुटचा प्रकार नंबर ठेवला तर ब्राउझर बहुधा देवनागरी आकडे घेतच नाही, आणि माहिती भरणाऱ्याला वाटतं कीबोर्ड बिघडला. म्हणून इनपुट साधं टेक्स्ट ठेवा आणि सेव्हच्या वेळी 'एसटीआरटीआर'ला दहा देवनागरी आकड्यांच्या दहा जोड्या देऊन ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या. 'ॲबसिंट' त्यानंतर. साइटवर वर्ष मराठीत दाखवायचं असेल तर उलट बदल दाखवण्याच्या वेळी करा. डेटाबेसमध्ये नेहमी इंग्रजी आकडेच राहू द्या.

क्रम भरताना १, २, ३ असा न भरता १०, २०, ३० असा भरा. गूळ मधे घालायचा झाला तर २५ देता येतं, बाकीच्या चार कॅटेगरी उघडाव्या लागत नाहीत.

फोटोचं बटण आणि मागे राहणारी खूण

फोटो निवडायच्या बटणासाठी मीडिया लायब्ररीची स्क्रिप्ट मागवावी लागते: 'डब्ल्यूपी_एन्क्यू_मीडिया'. ती फक्त कॅटेगरीच्या पानांवर मागवा. ही पानं दोन आहेत. यादी आणि नवा फॉर्म 'एडिट-टॅग्ज' पानावर, पण एडिटचा फॉर्म ४.५ या आवृत्तीपासून 'टर्म' नावाच्या वेगळ्या पानावर गेला. जुना कोड फक्त पहिलं पान तपासतो, त्यामुळे नवी कॅटेगरी करताना बटण चालतं आणि जुनी उघडल्यावर दाबूनही काही होत नाही. अटीत दोन्ही पानं घ्या.

नव्या कॅटेगरीच्या फॉर्ममध्ये आणखी एक खोच आहे. बटण दाबल्यावर पान पुन्हा लोड होत नाही. कॅटेगरी मागच्या मागे सेव्ह होते आणि वर्डप्रेस फॉर्म मोकळा करतं. पण ते फक्त डोळ्यांना दिसणारे मजकुराचे रकाने रिकामे करतं. लपवलेलं इनपुट, म्हणजे आपला फोटोचा आयडी, तसंच राहतं. चेकबॉक्सची खूणही तशीच राहते.

परिणाम बघा. तुम्ही आधी चप्पल ही कॅटेगरी केली, फोटो लावला, मानांकनाची खूण केली. लगेच त्याच फॉर्मवर कांदा-लसूण मसाला भरला आणि फोटो नंतर लावू म्हणून सोडला. मसाल्याच्या पानावर चपलेचा फोटो येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मानांकनाचा शिक्काही येतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं २०१९ मध्ये, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून. ते नोंदणीचं आणि कायद्याचं प्रकरण आहे. दुसऱ्या मालावर तो शिक्का दिसणं ही ग्राहकाची दिशाभूल ठरते, आणि ती फॉर्म मोकळा न झाल्यामुळे झाली हे कुणी ऐकून घेणार नाही.

म्हणून ॲडमिनच्या स्क्रिप्टमध्ये एजॅक्स (पान लोड न करता मागच्या मागे जाणारी विनंती) पूर्ण झाल्याचा इव्हेंट पकडा. विनंतीत 'ॲड-टॅग' ही ॲक्शन असेल आणि उत्तरात चूक नसेल, तर लपवलेलं इनपुट रिकामं करा, फोटोचा नमुना काढा, चेकबॉक्सची खूण काढा. हे केलं नसेल तर निदान माहिती भरणाऱ्याला सांगून ठेवा: एक कॅटेगरी झाली की पान रिफ्रेश करायचं, मगच दुसरी.

साइटवर दाखवणं

थीममधली कॅटेगरीची टेम्प्लेट फाइल उघडा. थीम दुसऱ्याची असेल तर चाइल्ड थीम करून तिच्यात तिची प्रत घ्या. चालू कॅटेगरीचा आकडा 'गेट_क्वेरीड_ऑब्जेक्ट_आयडी'ने मिळतो. तो आणि की 'गेट_टर्म_मेटा'ला द्या आणि तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यायला विसरू नका. ते विसरलं की एका किमतीऐवजी ॲरे मिळतो आणि पानावर 'ॲरे' एवढाच शब्द छापला जातो.

फोटो 'डब्ल्यूपी_गेट_अटॅचमेंट_इमेज'ने काढा, म्हणजे मोबाइलला लहान आणि संगणकाला मोठी प्रत आपोआप जाते. मजकूर 'इएससी_एचटीएमएल'मधून. प्रत्येक फील्ड रिकामं आहे का ते आधी तपासा, नाहीतर फोटो नसलेल्या कॅटेगरीवर वर मोकळी पट्टी दिसत राहते. वर्ष फक्त मानांकनाची खूण असेल तरच दाखवा.

मेन्यूत क्रम लावायला 'गेट_टर्म्स'मध्ये मेटा की म्हणून 'कोमाल_क्रम' आणि ऑर्डरबाय म्हणून 'मेटा_व्हॅल्यू_नम' द्या. 'नम' गाळलं तर मजकुरासारखी तुलना होते आणि १०० हे २० च्या आधी येतं. इथे एक गोष्ट अनेकांना चकवते: ज्या कॅटेगरीला क्रम भरलेलाच नाही ती यादीच्या शेवटी जात नाही, यादीतून गायब होते, कारण शोध मेटा असलेल्या कॅटेगरींपुरताच होतो. सोपा मार्ग म्हणजे सेव्ह करताना क्रम रिकामा असेल तर ९९९ टाकणं. फील्ड जोडण्याआधीपासून असलेल्या जुन्या कॅटेगरी मात्र एकेक उघडून सेव्ह कराव्या लागतील. शिवाय ज्या कॅटेगरीत एकही पोस्ट नाही ती 'गेट_टर्म्स' मुळातच लपवतं. ती दाखवायची तर 'हाइड_एम्प्टी' फॉल्स करा.

मोबाइल ॲपला किंवा वेगळ्या फ्रंटएंडला ही माहिती रेस्टवरून (दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती देणारी वर्डप्रेसची सोय) द्यायची असेल तर प्रत्येक की 'रजिस्टर_टर्म_मेटा'ने नोंदवा आणि 'शो_इन_रेस्ट' ट्रू ठेवा. हे फंक्शन ४.९.८ पासून आहे.

जूमला आणि ड्रुपल

वर्डप्रेसऐवजी साइट करायची ही दुसरी दोन सॉफ्टवेअर. ड्रुपलमध्ये हे काम सगळ्यात सोपं आहे. स्ट्रक्चर, टॅक्सॉनॉमी, मग आपली व्होकॅब्युलरी (कॅटेगरींचा संच) आणि मॅनेज फील्ड्स. कोड लागत नाही. फील्डचं मशीन नेम नंतर बदलता येत नाही, तेवढं विचारपूर्वक द्या. फील्ड भरूनही पानावर दिसत नसेल तर मॅनेज डिस्प्लेमध्ये ते 'डिसेबल्ड'खाली पडलंय का बघा. जूमलात ३.७ पासून फील्डची सोय आहे. कंटेंटमधल्या फील्ड्सच्या पानावर वरच्या यादीत आधी आर्टिकल्स निवडलेलं असतं, ते बदलून कॅटेगरीज करा आणि मगच नवं फील्ड जोडा. आर्टिकल्ससाठी केलेलं फील्ड कॅटेगरीच्या फॉर्मवर येत नाही.

साइट हलवण्याआधी

आपल्या संगणकावर तयार केलेली साइट सर्व्हरवर नेताना वर्डप्रेसची एक्सपोर्ट-इम्पोर्ट वापरली तर फोटोंचे आयडी नव्या ठिकाणी बदलू शकतात. पोस्टच्या फीचर्ड इमेजचे आयडी इम्पोर्टर जुळवून देतो, आपल्या टर्ममेटामधले नाही. मग गुळाच्या पानावर भलताच फोटो येतो किंवा काहीच येत नाही. म्हणून पूर्ण डेटाबेस आणि अपलोड्सचं फोल्डर जसंच्या तसं हलवा. ते शक्य नसेल तर इम्पोर्टनंतर प्रत्येक कॅटेगरी उघडून फोटो पुन्हा निवडा. कॅशेचं प्लगिन चालू असेल तर ते रिकामं करा आणि मग एका कॅटेगरीवर एवढं करून बघा: क्विक एडिटने नाव बदला, पान उघडून पाचही फील्ड जागेवर आहेत का पाहा, मानांकनाची खूण काढा, सेव्ह करा, शिक्का गेला का पाहा, क्रमात मराठी आकडा भरा आणि मेन्यू हलतो का पाहा.